सर्वांत धाकट्याचं काम

विएतनाममध्ये मला एक मोठा भाऊ मिळाला. मी त्याला रोज संध्याकाळी जेवायला बोलवायचो आणि तो एकदाही आला नाही.

वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असलं काही घडलेलं नाही. मी एकुलता एक आहे, आणि मी तिकडे गेलो होतो ते काजूगराची साल काढायचं मशीन शिकायला.

"वय किती?" हुएननं विचारलं.

आम्ही चटईवर गोल बसलो होतो. मध्ये एक भलंमोठं ताट, त्यात मासा, पाला, आमटीसारखं काहीतरी, आणि भाताचं पातेलं हुएनच्या गुडघ्याशी. मी आधी विमानातून, मग बसमधून, मग काजूची पोती नेणाऱ्या टेम्पोतून उतरून थेट त्या चटईवर बसलो होतो. माझं नाव अजून कोणी विचारलं नव्हतं.

"सव्वीस," मी म्हणालो.

हुएननं ते आईला सांगितलं. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मनाशी काहीतरी हिशोब केला आणि समाधानानं मान हलवली. मी चटईवर जरा मागे सरकलो. आमच्या वेंगुर्ल्यात पहिल्या भेटीत वय विचारलं की दुसरा प्रश्न पगाराचा असतो, आणि तिसऱ्याच्या आत मुलीचा फोटो बाहेर येतो.

"पगार फार नाही मला," मी सावधपणे म्हणालो.

"पगार कोणी विचारला?" हुएन म्हणाली. "वय कळल्याशिवाय तुला हाक कशी मारणार? आणि तू आम्हाला काय म्हणणार? आई साठीच्या पुढची, तिला बाक म्हणायचं. बाक थ्वा. मी तुझ्याहून मोठी. मला ची म्हणायचं, ची म्हणजे ताई. आणि तू धाकटा."

"कोणाचा धाकटा?"

"या घरात सगळ्यांचा."

हुएन त्या मशीनच्या कंपनीत होती. परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलणं हे तिचं काम. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच बाकावर बसून नापास झाल्यासारखं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. त्या गावात हॉटेल नव्हतं. फॅक्टऱ्या होत्या, रबराच्या बागा होत्या आणि काजू होते. म्हणून कंपनीनं माझी सोय हुएनच्या घरी, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत केली होती.

मला पाठवलं होतं दाजी केळुसकरांनी. वेंगुर्ल्यातल्या त्यांच्या काजू फॅक्टरीत मी यंत्रांचं बघायचो. नवीन मशीन हवेच्या झोतानं साल उडवणार होतं, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करायला विएतनामहून माणूस मागवण्यापेक्षा वेंगुर्ल्याहून माणूस पाठवणं स्वस्त, असं दाजींचं मत. शिवाय माझ्या घरी 'जाऊ नको' म्हणणारं कोणी नव्हतं. आई मी कॉलेजात असताना गेली, बाबा त्यानंतर. मी गॅससमोर उभा राहून, कढईतूनच जेवायचो. ताट घेतलं तर ते धुवावं लागतं, आणि बसून जेवायला घेतलं की घर फार मोठं वाटतं.

निघण्याआधी मी फोनमधल्या एका ॲपवरून विएतनामी शिकलो होतो. ॲप मन लावून शिकवायचं, पण काय शिकवावं याचा त्याला पोच नव्हता. 'हा घोडा माझा नाही' आणि 'माझी बहीण सफरचंद खाते' ही दोन वाक्यं मला झोपेतही येत होती. पहिल्या संध्याकाळी, शांतता फार झाली तेव्हा, मी त्यांतलं दुसरं म्हणून दाखवलं.

बाक थ्वा हातातला चमचा तसाच धरून राहिल्या. मग त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय, तुझी बहीण कुठे असते?"

"मला बहीण नाही."

"मग सफरचंद कोण खातं?"

याचं उत्तर ॲपनं शिकवलं नव्हतं. मी भाताच्या वाडग्याकडे हात नेला तेव्हा हुएननं माझं मनगट धरलं.

"थांब. ही वाक्यं सोड. तुला एकच शिकवते, तेवढ्यावर तुझं निभेल. आम्ही मूळचे उत्तरेकडचे. आमच्या घरात जेवण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांत धाकट्यानं मोठ्यांना बोलवायचं. एकेकाला. नाव घेऊन. तोवर कोणी घास घेत नाही."

"ते तर समोरच बसलेत."

"म्हणून काय झालं? म्हण. मोय बाक अन कम. बाक, जेवा."

"मोय बाक अन कम," मी म्हणालो.

बाक थ्वांनी मान डोलावली. त्यांचे ओठ जरा थरथरले. माझ्या उच्चारांवरचं हसू दाबताहेत असं मला वाटलं.

"आता मला."

"मोय ची अन कम."

"आणि आता," हुएन ताटाच्या चौथ्या बाजूकडे पाहत म्हणाली, "मोय आन्ह तुंग अन कम. आन्ह म्हणजे दादा."

चौथ्या बाजूला एक वाडगा होता, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या, आणि समोर कोणी नव्हतं. मला वाटलं, असेल कोणी कामावर, येईल. मी त्या वाडग्याला दादा म्हणून जेवायला बोलावलं आणि आम्ही जेवलो. बाक थ्वांनी माशाचा सगळ्यांत चांगला तुकडा त्या वाडग्यात ठेवला. जेवण संपलं तरी तुंगदादा आला नाही. मग तो वाडगा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

हे रोजचं झालं. दिवसभर मशीनजवळ कानात बोळे घालून उभं राहायचं. मशीन शिकवणारा माणूस खुणांनी बोलायचा आणि मी खुणांनीच ऐकायचो. अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. वेंगुर्ल्यात तरी वेगळं काय होतं, पण तिथे निदान न बोलण्याची भाषा मराठी होती. मग संध्याकाळ व्हायची, चटई अंथरली जायची, आणि त्या दोन बायका वाडग्यांसमोर हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायच्या. मी बोलल्याशिवाय कोणाला जेवता येत नाही, अशी माझी आयुष्यात कधी वट नव्हती. एकदा मला फॅक्टरीत उशीर झाला. पोचलो तर भात निवून गेलेला, आमटीवर साय धरलेली आणि दोघी तशाच बसलेल्या.

"जेवायचं ना तुम्ही!" मी म्हणालो.

"बोलावलं कोणी?" हुएन म्हणाली.

त्या दिवसापासून मी फॅक्टरीतून पळत येऊ लागलो. कामही जोरात करू लागलो. बाक, ची आणि दादा झाल्यावर मी पंख्याला जेवायला बोलावलं, फ्रिजला बोलावलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या बाईला बोलावलं. बाक थ्वा हसून हसून चटईवर कलंडायच्या. पंखा आणि फ्रिज यायचे नाहीत हे ठीक होतं. तुंगदादाचं मात्र मला पटेना. माणसानं किती कामसू असावं? आई रोज वाट बघते, बहीण वाट बघते, मी पाहुणा असून इतका घसा ताणतो, आणि याला एक दिवस सवड नाही. त्याच्या वाट्याचे मासे खाऊन माझी पँट कमरेत घट्ट होत चालली होती, ते वेगळंच. शेवटी मी एका संध्याकाळी त्या वाडग्यासमोर वाकून मालवणीत झापलं.

"अरे तुंगा, जेवूक ये रे! किती वाट बघूची तुझी? मासो निवलो!"

बाक थ्वा आधी हसल्या. मग हसता हसता उठून आत गेल्या आणि आतून नळाचा आवाज यायला लागला.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही. काय म्हणालास?"

"म्हटलं, ये जेवायला, मासा गार झाला. ताई, खरं सांग, हा तुमचा तुंग येतो तरी कधी? मी चार दिवसांनी जाणार. जाण्याआधी एकदा तोंड तरी दिसू दे."

हुएननं पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं होतं तरी पुन्हा दाबून बसवलं.

"तो मागच्या वर्षी गेला," ती म्हणाली. "मोटरसायकलवरून. रबराच्या बागेपाशी ट्रकनं. सत्तावीस वर्षांचा होता."

मला विनोद सुचला नाही. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

"मग मला रोज बोलवायला का लावलंस?"

"कारण हे काम त्याचं होतं. घरात सगळ्यांत धाकटा तो. तो गेला आणि आम्हाला जेवायला बोलवणारं कोणी उरलं नाही. आम्ही आपल्या बसायचो आणि जेवायचो. बघायचोसुद्धा नाही एकमेकींकडे." ती थोडं थांबली. "आणि त्याला तर कोण बोलवणार? समोर असता तर आईनं दहा वेळा 'जेव' म्हटलं असतं. गेलेल्याला बोलवायचं तर वर जाऊन उदबत्ती लावून वाकावं लागतं. आई लेकापुढे नाही वाकत आमच्यात. मीही मोठी. जो धाकटा आहे त्यानंच करायचं, आणि त्याच्याहून धाकटं या घरात कोणी नाही. तू आलास, आई म्हणाली, वय विचार. तू सव्वीस म्हणालास."

आतला नळ बंद झाला.

"येत्या शनिवारी त्याचं वर्ष आहे," हुएन म्हणाली. "तुझं विमान गुरुवारचं. मला माहितीय. मी विचारत नाहीये. फक्त सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मी दाजींना फोन लावला. हंगाम तोंडावर होता, फॅक्टरीत मशीन येऊन पडलं होतं आणि दाजींचा आवाज चढलेला होता.

"रे अवधूत, तू मशीन शिकाक गेलंस की मशीनाशी लगीन लावूक?"

"दाजी, माका शनिवारपर्यंत थांबूक होया."

"कित्याक?"

"वर्षश्राद्ध आसा."

"कोणाचा?"

"मोठ्या भावाचा."

फोनवर समुद्रासारखी घरघर आली.

"तुका मोठो भाऊ खंय होतो?"

"हयसर गावलो."

"आणि गेलो कधी?"

"माका गावच्या आधीच गेल्लो."

दाजींनी खाकरून घसा साफ केला. यंत्रांचा माणूस हातचा गेला, आता दुसरा शोधायला हवा, असा विचार करत असावेत. मग म्हणाले, "बरा. थांब मगे. माझ्या नावान एक नारळ ठेव थंय."

शनिवारी मी पहिल्यांदा त्या घराच्या वरच्या मजल्यावर गेलो. भिंतीवर उंच जागी आजा-आजीचे आणि वडलांचे फोटो होते. त्यांच्या खाली, वेगळ्या छोट्या फळीवर, तुंग. गेला तरी तो धाकटाच, म्हणून खाली. दाढी नीट न आलेला, कान बाहेर आलेले, आणि कोणीतरी कॅमेऱ्यामागून विनोद केल्यासारखं तोंड. मला जरा राग आला. हा माणूस रोज जेवायला आला असता तर आमचं फार जमलं असतं.

समोर ताट मांडलेलं होतं. मासा, भात, सफरचंदांची चळत, दाजींचा नारळ. बाक थ्वा खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, जणू बाहेर रस्त्यावर काही महत्त्वाचं चाललंय. रस्त्यावर एक कोंबडी होती. हुएननं माझ्या हातात तीन पेटत्या उदबत्त्या दिल्या आणि तीही बाजूला सरकली. मी वाकलो.

"मोय आन्ह तुंग अन कम," मी म्हणालो.

उदबत्त्या वाळूच्या भांड्यात खोवल्या.

"आता?"

"आता थांबायचं. त्या जळून संपेपर्यंत तो जेवतो. संपल्या की आपण."

म्हणजे कावळ्यासारखंच. बाबांच्या दहाव्याला आम्ही असेच थांबलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. एक काका म्हणाले, अवधूतचं लग्न करून देऊ. कावळा ढिम्म. मावशी म्हणाली, घराची कौलं परतून घेऊ. कावळ्यानं मान वळवली. शेवटी दाजी पुढे झाले, ओल्या वाळूत उभं राहून म्हणाले, "पोराक एकटो टाकूचव नाय," आणि कावळा आला, पिंड घेऊन गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, वड्यांचं जेवण झालं, आणि सगळे आपापल्या घरी गेले. दाजींनी मला नोकरी दिली, ती दिलीच. कावळे फार लवकर विश्वास ठेवतात.

उदबत्ती तशी नव्हती. तिला कोणी काही कबूल केलं तरी ती घाई करत नव्हती. त्या खोलीत कोणी बोलत नव्हतं आणि मला ते सहन होईना, म्हणून मी तुंगशी बोलायला लागलो. मालवणीतच. त्याला विएतनामी सगळे बोलत होते. मी सांगितलं, तुझ्या वाट्याचे मासे मी खाल्ले, पँट बघ. सांगितलं, तुझ्या कामावर मी तात्पुरता आहे, कायम करणार नाहीत. सांगितलं, मी घरी उभ्यानं जेवतो, तू आलास तर तुलाही उभ्यानंच जेवावं लागेल, पण ये. जेवूक ये रे.

खिडकीकडून आवाज आला.

"जेवूक ये रे."

बाक थ्वा अजून पाठमोऱ्याच होत्या. कोंबडीकडे बघत होत्या. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, माझ्या विएतनामीपेक्षा कितीतरी बरं मालवणी. वाकल्या नाहीत. उदबत्ती हातात घेतली नाही. कोणाचा काही नियम मोडला नाही.

उदबत्त्या संपल्या. आम्ही तिथेच जमिनीवर जेवलो. शेवटी हुएननं चळतीतलं एक सफरचंद उचललं, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसलं, आणि माझ्याकडे रोखून बघत कराकरा खाल्लं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या ॲपबद्दल आदर वाटला.

"पुढच्या वर्षी कोण करणार?" मी बसस्टॉपवर विचारलं.

"पुढच्या वर्षी तुला फोन करीन."

"फोनवरून चालतं?"

"तुंगला मोबाइलचं भारी वेड होतं," हुएन म्हणाली.

ती शब्दाला पक्की निघाली. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी फोन येतो. हुएन फोन आईच्या हातात देते. बाक थ्वा नाव विचारत नाहीत, कसा आहेस विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न तोच, पहिल्या संध्याकाळचा. वय किती? मग फोन वर नेतात, फळीसमोर धरतात, मी इकडे वेंगुर्ल्यात स्वयंपाकघरात वाकतो आणि बोलावतो. फोन चालू राहतो. दोन्हीकडे कोणी बोलत नाही. उदबत्ती संपली की हुएन "जेव आता" म्हणते आणि ठेवून देते.

त्या दिवशी मी ताट घेऊन, बसून जेवतो. खरं सांगायचं तर आता रोजच बसतो. माझ्या घरात मला बोलवायला धाकटं कोणी नाही आणि मी बोलवावं असं मोठंही कोणी नाही, तो एक सोडून. म्हणून एकच नाव घेतो आणि घास उचलतो. ताटाची चौथी बाजू, तिसरी बाजू, दुसरी बाजू, सगळ्या रिकाम्याच आहेत. माशाचे मात्र मी दोन तुकडे करतो.

अडचण उभी राहिली ती दोन वर्षांनी. तुंग सत्तावीस वर्षांचा आहे आणि तिथेच थांबलाय. मी थांबलो नाही. एका जूनमध्ये मी त्याच्या बरोबरीला आलो, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच्याहून मोठा झालो. मी पुष्कळ विचार केला. जन्म आधीचा त्याचा, म्हणजे दादा तोच, असं म्हणता येतं. पण फोटोतले ते कान बघितले की कोणीही सांगेल, यातला मोठा कोण ते. आणि मोठा असेन तर मला वाकता येत नाही. मग खिडकीपाशी आम्ही तिघं पाठमोरे उभे, आणि त्याला जेवायला बोलवायला कोणीच नाही.

त्या वर्षी फोन आला.

"वय किती?" बाक थ्वांनी विचारलं.

"सव्वीस," मी म्हणालो.

बाक थ्वांना मोजता येतं. त्यांनी आयुष्यभर काजू मोजले आहेत.

"अजून?" त्या म्हणाल्या.

"अजून."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन जिना चढायला लागला.

आता माझ्या कानशिलाशी पांढरे केस आलेत. तिकडे व्हिडिओ कॉल लावायची टूम निघाली आहे, मी नेट चालत नाही असं सांगत आलोय. हे किती वर्षं चालेल याची खात्री देता येत नाही. सबब, जन्म-मृत्यू नोंदणी विभागातील संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार अवधूत वालावलकर, राहणार वेंगुर्ला, याचं वय सव्वीस हेच कायम धरण्यात यावं व तशी नोंद सर्व दप्तरी करण्यात यावी. पूर्ण दिवसासाठी शक्य नसल्यास संध्याकाळच्या जेवणापुरती सवलत दिली तरी चालेल. अर्जदार घरात सर्वांत धाकटा असून, त्याच्या पश्चात हे काम करणारं दुसरं कोणी नाही.